पॉश प्रशिक्षण: मालकाने काय, कुणाला आणि कसं द्यायचं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, आमचं पॉशचं एक सेशन राहिलंय. दोन तासांत उरकून द्याल का? फोटो आणि हजेरीचा कागद मिळाला की झालं." पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा. बोलणारा माणूस वाईट नसतो. त्याला वार्षिक अहवालात एक आकडा भरायचा असतो आणि तो रकाना रिकामा असतो. मी विचारते, माणसं किती? "साठ." कंत्राटी धरून? मग जरा वेळ नुसताच पंख्याचा आवाज. "ते धरले तर दीडशेच्या आसपास."

ही नव्वद माणसं कुठे गेली, तिथूनच सुरुवात करावी लागते.

एकोणीस वर्षं मी एमआयडीसीतल्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात काढली. पुढे त्याला एचआर म्हणायला लागले, टेबल तेच राहिलं. आता पाच ठिकाणच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्याच समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते आणि प्रशिक्षणं घेते. हे लिहितेय ते लहान-मध्यम कारखान्यांच्या, ऑफिसांच्या मालकांसाठी, आणि एचआरमध्ये एकट्याच असलेल्या त्या मुलीसाठी, जिला साहेब जाता जाता सांगतात, "ते पॉशचं तेवढं बघून टाक."

कायदा नेमकं काय मागतो

कायद्याचं नाव लांबलचक आहे: कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, नियमही त्याच दिवशी आले. प्रशिक्षणाची जबाबदारी कलम १९ मध्ये मालकावर टाकली आहे: कर्मचाऱ्यांसाठी ठराविक काळाने कार्यशाळा आणि जागृतीचे कार्यक्रम घ्यायचे, आणि समितीच्या सदस्यांसाठी वेगळं प्रशिक्षण द्यायचं. ते कसं करायचं हे नियम १३ सांगतो. लेखी धोरण करून ते सगळ्यांपर्यंत पोचवा, समितीच्या सदस्यांची समज आणि कौशल्य वाढवा, कर्मचाऱ्यांसाठी कार्यक्रम घ्या, बोलायला जागा द्या, समितीतल्या प्रत्येकाचं नाव आणि संपर्क जाहीर करा.

म्हणजे कामं दोन आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्यातलं एकच होतं. कर्मचाऱ्यांचं सत्र कसंबसं पार पडतं. समितीला कुणी काही शिकवत नाही. तक्रार आली की तीच समिती गोंधळते, आणि मग मला रात्री नऊला फोन येतो.

वर्षातून किती वेळा, किती तास, असा आकडा कायद्यात कुठेही नाही. "सहा महिन्यांनी एकदा सक्तीचं आहे" असं कुणी विकायला आलं तर त्याला कलम दाखवायला सांगा. माझा रिवाज असा: सगळ्यांना वर्षातून एकदा पूर्ण सत्र, नव्या माणसाला रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि समितीला वर्षातून दोनदा. रिवाज माझा आहे, कायद्याचा नाही. पण "ठराविक काळाने" या शब्दांना काही अर्थ उरायचा असेल तर वर्षातून एकदा ही किमान पायरी धरावी.

"आमच्याकडे आठच माणसं, आम्हाला काही लागू नाही," हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, एवढंच खरं. त्या बाईची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. पण कलम १९ "प्रत्येक मालक" म्हणतं. आठ माणसांच्या छापखान्याच्या मालकालाही माहिती देणं, फलक लावणं, मदत करणं चुकत नाही. त्याने स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावायचा आणि वर्षातून एकदा सगळ्यांना बसवून तासभर बोलायचं.

आणि ती आठ माणसं खरंच आठ आहेत का, तेही एकदा बघावं. कायद्याच्या लेखी कर्मचारी म्हणजे कायम, तात्पुरता, रोजंदारीवरचा, ठेकेदारामार्फत आलेला, प्रोबेशनवरचा, ट्रेनी, अॅप्रेंटिस, इतकंच काय, बिनपगारी काम करणारासुद्धा. हाउसकीपिंगच्या तीन बायका आणि गेटवरचे दोन वॉचमन धरले की आठाचे तेरा होतात. मग समितीही आली. ऑफिसं दोन गावांत असतील तर समित्याही दोन. मुख्य कार्यालयातली एकच समिती सगळीकडे चालवायची पद्धत चुकीची आहे.

माझं पहिलं सत्र

दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःची चूक सांगते. २०१४ साल, एका कारखान्यात मी नोकरीला. कायदा नवा होता, साहेबांनी सांगितलं, करून टाका. मी तिसऱ्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये चाळीस स्लाइड लावल्या, सगळ्या इंग्रजीत. जनरल शिफ्टचा स्टाफ आला, एसीत बसला, चहा-बिस्किटं झाली. मी कलमं वाचली. अठ्ठावन्न सह्या. फाइल लावली आणि मनातल्या मनात शाबासकीही घेतली.

चार महिन्यांनी हाउसकीपिंगची एक बाई राहिलेले पैसे मागायला गेटवर आली. मी सहज विचारलं, हल्ली दिसत नाहीस? तेव्हा कळलं. स्टोअरमधला एक माणूस लॉकर रूमपाशी तिला अडवायचा, अंगाला हात लावायचा. तिने ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगितलं. त्याने तिला दुसऱ्या साइटवर टाकलं आणि आम्हाला अवाक्षर कळवलं नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे यायचं असतं हे मला काय माहीत?"

तिला माहीत असणार कसं? ज्या वेळी मी वर कलमं वाचत होते, त्या वेळी ती त्याच मजल्याचा जिना पुसत होती.

तक्रार घटनेपासून, किंवा घटना पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत द्यायची असते. तिची मुदत टळली होती. समितीने कारणं लेखी नोंदवून मुदत वाढवली. तो अधिकार समितीला आहे, आणखी तीन महिन्यांपर्यंत. तिला नीट लिहिता येत नव्हतं, तेव्हा तिची तक्रार लिहून घ्यायला मदत करणंही समितीचंच काम, तसं कायद्यातच आहे. चौकशी झाली, कारवाईही झाली. पण माझ्या अठ्ठावन्न सह्यांचा त्यात काडीचा उपयोग झाला नव्हता.

तेव्हापासून मी सत्राची तारीख ठरवण्याआधी मस्टर मागते. कायम कामगारांचं, आणि प्रत्येक ठेकेदाराचं वेगळं. कॅंटीन, सफाई, सिक्युरिटी, बागकाम, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. तीन पाळ्या असतील तर तिन्ही पाळ्या. रात्रपाळीचं सत्र रात्रपाळीलाच घ्यायचं. पाळी संपल्यावर माणसं थांबवून ठेवली तर ती तुमच्यावर चिडलेली असतात, विषयावर नाही, पण शेवटी फटका विषयालाच बसतो. सत्र कामाच्या वेळेत, पगारी वेळेत. प्रॉडक्शन मॅनेजर कुरकुरतो. कुरकुरू दे.

आधी समिती तयार करा

कर्मचाऱ्यांना "समितीकडे या" सांगायचं आणि समितीलाच आपलं काम ठाऊक नसायचं, यासारखी फसवणूक नाही. म्हणून समितीचं प्रशिक्षण आधी.

रचना थोडक्यात: अध्यक्ष वरच्या पदावरची महिला, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, आणि एक बाहेरची व्यक्ती, जी महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार असेल. निम्म्या तरी महिला हव्यात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. (बाहेरच्या सदस्याला नियमाने दिवसाला दोनशे रुपये भत्ता आहे, वर थ्री-टियर एसीचं रेल्वे भाडं किंवा एसी बस, रिक्षा-टॅक्सीचे पैसे, किंवा प्रत्यक्ष झालेला खर्च, यांतलं जे कमी असेल ते. वाचून हसू येतं. बहुतेक कंपन्या आपसांत ठरवून वेगळं मानधन देतात आणि ते बरंच आहे. पण फार मोठ्या मानधनावर बसलेला बाहेरचा सदस्य मालकाला नाही म्हणायला कचरतो, हेही मी पाहिलंय.)

समितीच्या सत्रात मी पहिला तास फक्त तारखांना देते. फळ्यावर एक आडवी रेघ ओढायची आणि त्यावर खुणा करत जायच्या. तक्रार आली, तिच्या सहा प्रती. सात कामकाजी दिवसांत एक प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. त्याचं उत्तर दहा कामकाजी दिवसांत. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाच्या हाती. मालकाने साठ दिवसांत अंमलबजावणी करायची. अपील करायचं तर नव्वद दिवस. मग मी एक खोटी तारीख देते, समजा ११ मार्च, आणि प्रत्येकाला वहीत पुढच्या सगळ्या तारखा काढायला लावते. कॅलेंडर घेऊन, सुट्ट्या वगळून. निम्मे लोक चुकतात. सत्रात चुकलेलं बरं.

दुसरा तास नाटकाचा. वहीच्या पानावर हाताने लिहिलेली तक्रार मी समितीपुढे ठेवते. एक जण तक्रारदार होतो, समिती प्रश्न विचारते. एका ठिकाणी अध्यक्षबाईंचा पहिलाच प्रश्न होता, "तू त्या वेळी तिथे काय करत होतीस?" दुसऱ्याचा, "इतके दिवस गप्प का बसलीस?" मी मध्ये थांबवत नाही. पाच प्रश्न होऊ देते, मग तक्रारदार झालेल्या व्यक्तीला विचारते, कसं वाटलं? बहुतेकदा हे पात्र मी पुरुष सदस्याला देते. तो म्हणतो, "मला वाटलं, मीच आरोपी आहे." पुढचं प्रशिक्षण तिथून आपोआप सरकतं. प्रश्न कसा विचारायचा ते मग फळ्यावर येतं: काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा, पुढे काय झालं, तुम्ही ते कुणाला सांगितलं, त्याचा कामावर काही परिणाम झाला का. कपडे, लग्न, आधीची मैत्री, घरची परिस्थिती, यातलं काही नाही.

समितीला काही गोष्टी पाठ हव्यात. सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर पाहिजेत. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. समेट करायचा तर त्या बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बोलीवर तर मुळीच नाही. "घ्या मिटवून, दोघंही आपलेच," ही भाषा समितीच्या तोंडी यायला नको. नावं, मजकूर, चौकशीतलं काहीही बाहेर फुटलं तर फोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते, पण कॅंटीनमध्ये एकदा कुजबुज सुरू झाली की ती बाई नोकरी सोडते. पुढे वर्षभर कुणी तक्रार घेऊन येत नाही.

अंतरिम दिलाशावर मी जरा जास्त रेंगाळते. चौकशी चालू असताना बदली करता येते, किंवा त्या बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, आणि ती तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. इथे नेहमीची चूक अशी की "तिच्या सोयीसाठी" तिलाच हलवतात, म्हणजे गुन्हा त्याचा आणि वनवास हिला. दिलासा तिच्या लेखी मागणीवर ठरतो. तिला काय हवंय ते तिला विचारा.

कर्मचाऱ्यांचं सत्र कसं रचायचं

एका वेळी पंचवीस-तीस माणसं. दीड तास. ज्या भाषेत ते भांडतात त्या भाषेत. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदी, कुठे ओडिया बोलणारी पोरं असतील तर त्यांच्यातलाच एखादा लाइन लीडर सोबतीला. स्लाइड असल्याच तर पाच. व्हिडिओ दाखवून "ट्रेनिंग पूर्ण" असं बटण दाबायला लावणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. घरून काम करणाऱ्यांसाठी जोड म्हणून ती चालतील, पण व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही आणि या विषयात सगळं पाणी प्रश्नातच मुरतं.

बाया-पुरुष एकत्रच बसवावेत. वेगळं बसवलं की पुरुषांच्या खोलीत हसणं आणि बायकांच्या खोलीत गप्प बसणं. शेवटची वीस मिनिटं मात्र बायकांना वेगळी द्यायची, आणि त्या वेळी समितीतल्या महिला सदस्यांनी हजर राहायचं. चेहरा ओळखीचा झाला की पाय उचलतो.

सुरुवात कलमांनी करू नका. मी सुरुवात भटेरीपासून करते, दोन मिनिटांत. राजस्थानातल्या त्या गावात भंवरी देवी नावाची बाई सरकारी कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत होती. बालविवाह थांबवायला गेली, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिच्यासाठी महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला, कामाच्या जागेवरच्या छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून देणारा. पुढे सोळा वर्षांनी कायदा. हे सांगायचं कारण वेगळं आहे. सफाईच्या आणि पॅकिंगच्या बायकांना वाटतं हा कायदा एसीत बसणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या बायकांचा. तो आला गावात काम करणाऱ्या एका बाईमुळे. हे ऐकलं की मागच्या रांगेतल्या बाया पहिल्यांदा मान वर करतात.

मग प्रसंग. त्यांच्याच कामातले, नावं बदलून. सुपरवायझर एकाच मुलीला ओव्हरटाइमला थांबवतो आणि "मी सोडतो घरी" म्हणतो. लाइनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटे अश्लील विनोद येतो, अॅडमिन हसण्याची खूण टाकतो. कंपनीच्या बसमध्ये रोज तोच माणूस तिच्याच शेजारी येऊन बसतो. ग्राहक कंपनीचा माणूस ऑडिटला येतो आणि साडीवर, बांध्यावर बोलतो. व्हिडिओ कॉलवर साहेब म्हणतात, कॅमेरा लाव की, तुला बघायला बरं वाटतं. प्रत्येक प्रसंगाला विचारायचं: हा छळ आहे का? हात वर करा. हात कधीच एकसारखे वर होत नाहीत, आणि शिकवायची जागा तीच.

इथे कायद्यातली पाच कलमी व्याख्या आणायची: अंगचटीला जाणं, शरीरसुखाची मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्र-व्हिडिओ दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं दुसरं कुठलंही नकोसं वागणं, मग ते हाताने असो, तोंडाने असो की नजरेने. मी फळ्यावर एकच शब्द मोठा लिहिते: नकोसं. करणाऱ्याच्या मनात काय होतं याला महत्त्व नाही, तिला ते नकोसं होतं का हे बघतात. "गंमत केली हो" हे उत्तर तिथेच गळून पडतं. बढतीचं आमिष, नोकरी घालवायची धमकी, काम करणं मुश्किल होईल असं वातावरण, हे सगळंही यात येतं. आणि कामाची जागा म्हणजे फक्त गेटच्या आतली नाही. कंपनीने दिलेलं वाहन, कामासाठी गेलेलं गाव, दोन्ही धरायचं.

तीन प्रश्न हमखास येतात. उत्तरं तयार ठेवा, चिडू नका.

"म्हणजे आता बायकांशी बोलायचंच नाही का?" बोला की. कामाचं बोला, क्रिकेटचं बोला, तिने नाही म्हटलं की थांबा. आईसमोर, बहिणीसमोर जे बोलणार नाही ते इथेही बोलू नका, असं पूर्वी मी सांगायचे. आता सांगत नाही. कामावरची बाई कुणाची बहीण असो-नसो, तिचा मान त्यावर टांगायचं कारण नाही.

"खोट्या तक्रारी केल्या तर?" जाणूनबुजून खोटी, दुष्ट हेतूने केलेली तक्रार असेल तर कारवाईची सोय कलम १४ मध्ये आहे. पण तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं होत नाही. हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध करावा लागतो. हे दुसरं वाक्य पहिल्याइतक्याच मोठ्याने म्हणा, नाहीतर सत्राचा निरोप "तक्रार कराल तर तुमचीच नोकरी जाईल" असा पोचतो. मी असे प्रशिक्षक पाहिलेत.

"पुरुषांचं काय?" या कायद्याखाली तक्रार फक्त महिलेला करता येते. करणारा कुणीही असू शकतो; करणारी बाई असली तरी तक्रार चालते, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. कंपनीने आपल्या धोरणात सगळ्यांनाच संरक्षण द्यायला कुणाची आडकाठी नाही. मी तेच सुचवते. कारखान्यात कोवळ्या ट्रेनी पोरांना काय सोसावं लागतं ते मला माहीत आहे.

सुपरवायझरांना वेगळं बसवा

सुपरवायझर, लाइन लीडर, ठेकेदाराचा माणूस, यांचं एक तासाचं सत्र वेगळं घ्या. माझ्या त्या पहिल्या प्रकरणात सगळं अडलं ते याच पायरीवर. बाई आधी आपल्या वरच्या माणसाला सांगते, आणि तो करतो समजूत घालायचं काम: "जाऊ दे, त्याला मी बघतो." मग तो त्या माणसाला कोपऱ्यात घेऊन दम देतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लाइनला बातमी.

त्यांना एवढंच शिकवायचं: ऐकून घ्या, खरं-खोटं ठरवू नका, समितीच्या सदस्याचा नंबर द्या, मुदत तीन महिन्यांची आहे ते सांगा, आणि कुणाशीही बोलू नका. तिला पोलिसांत जायचं असेल तर मालकाने मदत करायची, हे कायद्यातच आहे. लैंगिक छळाचा फौजदारी गुन्हा पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम ३५४-अ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये आहे. जुने फलक आणि जुन्या स्लाइड यासाठी एकदा तपासाच. ठेकेदाराच्या करारात एक ओळ घाला की त्याच्या माणसांना सत्राला पाठवणं आणि तक्रार कळली की ती बाई कुठे जाऊ शकते हे तिला सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. करारात नसेल तर तो हात वर करतो.

फलक, फाइल, अहवाल

फलकावर दोन गोष्टी लागतात: छळाचे परिणाम काय होतील ते, आणि समिती नेमल्याचा आदेश. सोबत सदस्यांची नावं आणि फोन. कुठे लावायचा? अॅडमिनच्या दारात नको. तिथे उभं राहून नंबर टिपून घेणारी बाई सगळ्यांना दिसते. बायकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला एक लावा. लॉकर रूममध्ये, कॅंटीनमध्ये, बसमध्ये.

फाइलमध्ये प्रत्येक सत्राचं एक पान: तारीख, पाळी, भाषा, कोण बोललं, काय विषय झाले, किती माणसं, त्यात कंत्राटी किती. विचारलेले प्रश्न नावांशिवाय लिहून ठेवा, पुढच्या वर्षीचं सत्र त्यातूनच बनतं. सहीचा कागद हवाच, पण तो शेवटचा.

समितीच्या वार्षिक अहवालात पाच गोष्टी जातात: आलेल्या तक्रारी, निकाली निघालेल्या, नव्वद दिवसांच्या वर रखडलेल्या, घेतलेल्या कार्यशाळांची संख्या, आणि केलेली कारवाई. तो मालकाकडे आणि जिल्हा अधिकाऱ्याकडे द्यायचा. कंपनी असेल तर संचालक मंडळाच्या अहवालात समिती नेमण्याच्या तरतुदी पाळल्याचं २०१८ पासून लिहावं लागतं, आणि जुलै २०२५ पासून आलेल्या, निकाली निघालेल्या आणि नव्वद दिवसांवर रखडलेल्या तक्रारींचे आकडेही. कायदा मोडला तर पन्नास हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर दुप्पट, आणि परवाना जाण्याची पाळी. फक्त समिती न नेमण्यालाच हा दंड आहे असं समजू नका. कायद्यातल्या इतर तरतुदी मोडल्या तरी तोच आहे, आणि त्यात प्रशिक्षणही आलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये, अंमलबजावणीतल्या ढिलाईवर कडक आदेश दिले आहेत. विचारणा होणारच नाही या भरवशावर राहायचे दिवस गेले.

एक सूचना साहेब लोकांसाठी. चांगलं सत्र झालं की त्यानंतरच्या महिन्यात एखादी तक्रार येते. मला फोन येतो, "मॅडम, तुम्ही काय सांगून गेलात?" वर्षानुवर्षं "तक्रारी: शून्य" लिहिणाऱ्या दीडशे माणसांच्या कारखान्यात मला जास्त काळजी वाटते.

सत्र लागू पडलं का ते बघायची माझी पद्धत साधी आहे. आठवड्याने न सांगता जायचं, गेटवर, पॅंट्रीत, पॅकिंगच्या टेबलाशी थांबायचं आणि विचारायचं: तुमच्या समितीत कोण आहे, सांगता येईल? मागच्या महिन्यात एका ठिकाणी चहा देणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि अध्यक्षबाईंचा नंबर तोंडपाठ सांगितला, दहाच्या दहा आकडे. मी तिथेच फोन लावला. उचलला एका पुरुषाने. अध्यक्षबाई सहा महिन्यांपूर्वीच राजीनामा देऊन गेल्या होत्या, सिमकार्ड कंपनीचं होतं आणि ते आता स्टोअरच्या माणसाकडे होतं.

फलक त्याच दुपारी उतरवला. नवीन अध्यक्ष नेमायला मात्र त्यांना आणखी दोन आठवडे लागले.